क्लॅरिनेट पुसणारी

आधी चंपाला वाटलं, केस आहे. क्लॅरिनेटच्या माउथपीसखालच्या आखूड तुकड्यावर काळ्यावर काळी अशी एक बारीक रेघ दिसत होती, आणि पन्नाशी उलटल्यापासून तिचे केस घरभर सापडत होतेच: पिठात, शिवायला आलेल्या ब्लाउजच्या अस्तरात, एकदा तर नवऱ्याच्या वरणात. तिने नखाने तो उचलायला पाहिलं. निघेना. फुंकर मारली, पदराने पुसलं. मग चष्मा कपाळावर सारून तिने तो तुकडा खिडकीशी नेला आणि रेघेवरून अंगठा हळूच फिरवला. अंगठ्याला कड लागली. केसाला कड नसते. लाकूड उलायला लागलं होतं. बाहेर अंगणात टाकीजवळ नागोराव पाय धूत होता. बँडचा लाल कोट त्याने दोरीवर टाकला होता आणि खांद्यावरची सोनेरी झालर उन्हात लोंबत होती. साडेचारचं, मे महिन्याचं ऊन. चंपाने नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं, हातातल्या तुकड्याकडे पाहिलं आणि तिला एकदम बसावंसं वाटलं, म्हणून ती शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली. माणूस दमतो तो काही दरवेळी काम करूनच दमतो असं नाही. गेले चार महिने जे बोलायचं तिने टाळलं होतं ते आता बोलावं लागणार होतं, नाहीतर हे वाद्य हातचं जाणार होतं. आणि बोललं तर नवऱ्याची मान खाली जाणार होती, तीही तिच्यासमोर, जिच्यासमोर ती आजवर कधी गेली नव्हती.

हे पुसायचं काम तिच्याकडे आलं त्याला सत्तावीस वर्षं झाली. हिंगोलीकडच्या खेड्यातून लग्न करून ती पुण्यात आली तेव्हा नागोराव बँडमध्ये नुकताच पुढच्या रांगेत आला होता. वाजवताना त्याच्या ज्या बोटांची लोक तारीफ करायचे, त्याच बोटांचा दुसऱ्या कुठल्याही कामात आनंदीआनंद होता. त्याला खिळा ठोकता यायचा नाही, सुईत दोरा ओवता यायचा नाही. लग्नाहून आला की क्लॅरिनेट तसंच ओलं पेटीत कोंबायचा आणि आडवा व्हायचा. एकदा चार दिवस पेटी उघडलीच नाही. उघडली तेव्हा आतून कुबट वास आला आणि चाव्यांखालच्या गाद्यांना पांढरी बुरशी धरलेली दिसली. त्याचे गुरू अमीन उस्ताद गंज पेठेतून त्यांच्या खोलीवर आले. म्हातारे गृहस्थ, दाढीला मेंदी, पांढरा स्वच्छ लेंगा. त्यांनी पेटी नाकाशी नेली, नागोरावकडे एकदा पाहिलं आणि त्याला एक शब्दही न बोलता दारामागे उभ्या असलेल्या चंपाला हाक मारली. "बेटी, इकडे ये. हा वाजवेल, मला ठाऊक आहे. पण सांभाळणं याच्या नशिबात नाही. ते तू शिक." नवी नवरी, डोक्यावर पदर, परका पुरुष समोर, पण त्यांच्या बोलण्यात असं काही होतं की ती चटईवर येऊन बसली. नागोराव कोपऱ्यात उभा राहून पाहत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. त्या एका दुपारी उस्तादांनी तिला सगळं शिकवलं. माउथपीसवरची वेताची पत्ती आधी काढायची, जाड बाजूकडून पातळ टोकाकडे पुसायची आणि काचेच्या तुकड्यावर सपाट ठेवायची. मऊ मलमलीच्या फडक्याला दोरी, दोरीला शिशाचा तुकडा; तो भोंग्याकडून आत सोडायचा आणि फडकं सावकाश ओढून घ्यायचं, तीनदा. सांध्यांच्या बुचांना मेण आणि खोबरेल. एखादी गादी चिकटली तर तिच्याखाली पतंगाचा कागद धरून अलगद ओढायचा. मळसूत्रांना सुईच्या टोकावर मावेल इतकंच मशीनचं तेल. वर्षातून दोनदा आतून बदामाचं तेल. "आणि पाणी दाखवायचं नाही," ते म्हणाले. "श्वासाचं पाणी याला चालतं, त्याची याला सवय आहे. नळाचं पाणी म्हणजे याचा वैरी." जाताना ते दारात थांबून म्हणाले, "वाजवणारे पुष्कळ मिळतात बेटी. पुसणारे मिळत नाहीत." हा म्हाताऱ्या माणसाचा मोठेपणा असेल म्हणून तिने तेव्हा सोडून दिलं, पण ते वाक्य तिच्या मनात घर करून राहिलं होतं, आणि तिच्या एरवीच्या साध्यासुध्या आयुष्यात तिला कुणी असं दुसरं काही म्हटलं नव्हतं.

नागोराव बोलणारा माणूस नव्हता. चार शब्दांत काम होत असेल तर तो दोन वापरायचा आणि उरलेले दोन बँडवाल्यांसाठीही ठेवायचा नाही. लग्न कसं झालं, तर "झालं." जेवण कसं होतं, तर "होतं." मग चंपाला नवऱ्याची खबर कळायची ती फडक्यावरून. मन लावून वाजवलं असेल तर फडकं पहिल्याच ओढीत चिंब निघायचं आणि त्याला लवंगेचा वास असायचा, कारण वाजवण्याआधी दाढेखाली लवंग धरायची त्याची सवय होती. उन्हात उपाशीपोटी वाजवलं असेल तर ओलावा थोडा आणि चिकट. कुणी ग्लास पुढे केला असेल तर तेही कळायचं. त्या दिवशी ती जेवण वाढून न बोलता बाजूला व्हायची आणि तिला कसं कळलं याचा त्याला उलगडा व्हायचा नाही. एका फेब्रुवारीत गावाहून त्याचे वडील गेल्याची तार दुपारी आली आणि संध्याकाळची वरात सोडता येण्यासारखी नव्हती. तो गेला, वाजवून आला, तोंडातून अक्षर काढलं नाही. तिने फडकं ओढलं तर ते पिळता येईल इतकं ओलं होतं. दरवेळच्या दुप्पट. ती ते फडकं हातात घेऊन बसली आणि रडली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. राजनंदिनी झाली त्या दिवशीही तसंच. दवाखान्यात तो फक्त "बरंय" म्हणाला होता, पण पेटी त्याने खाटेशेजारी आणून ठेवली होती आणि बाळंतिणीने ती आडवी राहूनच पुसली. लोकांच्या बायकांना नवरे काय काय सांगतात, बागेत नेऊन सांगतात, सिनेमाला नेऊन सांगतात. चंपाला या फडक्याने सांगितलं. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा गर्वच होता.

मग गेल्या मार्गशीर्षात एक दिवस फडकं कोरडं निघालं. पहिल्यांदा तिला वाटलं, वाटेत हवा लागून वाळलं असेल. दुसऱ्या लग्नानंतरही कोरडं. तिसऱ्याही. पत्ती चाखल्यासारखी सुद्धा नव्हती, काचेवर ठेवली तेव्हा जशी होती तशीच. नागोराव मात्र नेहमीसारखा जात होता, लाल कोट घालून, बुटांना पॉलिश करून, पेटी काखेत मारून. यायचा तेव्हा नेहमीपेक्षा जास्त थकलेला असायचा. वाजवून आलेल्या माणसाचा थकवा तिला माहीत होता. त्यात भूक असायची. या थकव्यात भूक नव्हती. धायरीतली जागा घेतली तेव्हा आजूबाजूला शेतं होती, तो मोकळ्यावर जाऊन तासभर रियाज करायचा. आता तिथे सोसायट्या उभ्या राहिल्या. मागच्या वर्षी एका रविवारी सकाळी त्याने अंगणात क्लॅरिनेट तोंडाला लावलं तर समोरच्या तिसऱ्या मजल्यावरून एक चड्डीतला मुलगा वाकून म्हणाला होता, "काका, प्लीज, माझा क्लायंट कॉल चालू आहे." नागोरावने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं होतं, राग आल्यासारखं नव्हे, काय म्हणाला ते नीट ऐकू न आल्यासारखं, आणि मग वाद्य खाली घेतलं होतं. तेव्हापासून घरी वाजणं बंद झालं. उरलं होतं ते लग्नातलं. आणि आता फडकं सांगत होतं की तेही नाही.

तिने गप्प बसायला हवं होतं. पण पुण्यात येऊन तिला एक खोड लागली होती. कोथरूडच्या बायकांचे ब्लाउज शिवता शिवता त्यांचं तिरकं बोलणं तिच्या जिभेवर कधी येऊन बसलं ते तिलाही कळलं नव्हतं. संक्रांतीनंतरच्या एका संध्याकाळी, तो जेवत असताना, फडक्याची घडी घालता घालता ती म्हणून गेली, "आज नुसतं मिरवूनच आलात वाटतं?" इतकंच. हसत म्हणाली होती. नागोरावचा घास हातात राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, घडी घातलेल्या फडक्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांत त्याला पहिल्यांदा कळलं असावं की ते फडकं बोलतं. मग त्याने घास ताटात ठेवला, भाकरी झाकली आणि हात धुतला. चंपा रात्रभर कूस बदलत राहिली. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही हे तिला काय कुणी सांगायला हवं होतं?

पुढच्या लग्नाहून तो आला आणि फडकं ओलं निघालं. छान चिंब. चंपाला इतका आनंद झाला की तिने त्या संध्याकाळी शिरा केला आणि राजनंदिनीने "आज काय विशेष?" विचारल्यावर "काही नाही, रवा जुना झालता" असं उत्तर दिलं. दोन लग्नं ती त्या आनंदात होती. तिसऱ्या वेळी फडकं दोरीवर वाळत घातलं आणि सकाळी काढायला गेली तर त्याच्यावर पांढरी कड उमटलेली. भांड्याच्या बुडाला धरते तसली खारी कड. श्वास वाळला की डाग पिवळट पडतो, इतक्या वर्षांत तो कधी पांढरा पडला नव्हता. तिने फडक्याचा वास घेतला. लवंग नव्हती. मग तिच्या लक्षात आलं की फाट्यावर बसमधून उतरून घराकडे येताना वाटेत हापसा लागतो, आणि त्या हापशाचं पाणी इतकं जड की डाळ शिजत नाही. भर दुपारी तिथे कुणी नसतं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, लाल कोटातला, एका हाताने हापसा मारतोय आणि दुसऱ्या हाताने क्लॅरिनेट धारेखाली धरतोय, हे तिला डोळ्यांसमोर दिसायला लागलं आणि ती दोरीपाशीच उभी राहिली. वाद्याला पाणी दाखवायचं नाही हे त्याने त्या दिवशी कोपऱ्यात उभं राहून ऐकलं होतं. ऐकून विसरला असेल, किंवा आठवत असूनही करत असेल. दुसरं जास्त वाईट होतं. आणि हे सगळं तिच्या एका वाक्यामुळे. त्याला वाद्यापेक्षा तिची लाज वाटली होती.

खरं काय ते तिने डोळ्यांनी पाहिलं तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. तिच्या एका गिऱ्हाइकाचे, शैलाताईंचे, ब्लाउज देऊन ती कोथरूडच्या बस स्टॉपकडे येत होती आणि एका मंगल कार्यालयासमोर तिला लाल कोट दिसले. पुढे एक गाडा होता, त्यावर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, मध्ये कीबोर्ड घेऊन बसलेला एक पोरगेला माणूस. आवाज एवढा की छातीत धडधडत होतं. गाड्याच्या मागे दोन रांगा करून बाकीचे बँडवाले उभे होते, हातात वाद्यं. बँडचे मालक श्यामसुंदरशेठ यांनी जुन्या माणसांना काढून टाकलं नव्हतं. वरातीत लाल कोट आणि चमकती वाद्यं फोटोला बरी दिसतात. ट्रम्पेटवाला संपत ट्रम्पेट छातीशी धरून चक्क जांभई देत होता. नागोराव पहिल्या रांगेत होता. क्लॅरिनेट त्याच्या तोंडात होतं. गाल सपाट होते, गळ्याची शीर हलत नव्हती. पण बोटं चालली होती. चंपा एका उभ्या स्कूटरमागे सरली आणि बघत राहिली. गाणं स्पीकरमधून येत होतं आणि नागोरावची बोटं ते गाणं एकही जागा न चुकता वाजवत होती. उलट कीबोर्डवाला जिथे सरळ निघून जात होता तिथे त्याची बोटं थांबत होती, एक हरकत घेत होती, परत सुरावर येत होती. कुणी पाहत नव्हतं. पोरं नाचत होती, कुणाचा तरी मामा त्यांच्यावरून नोटा ओवाळत होता. नागोरावने डोळे मिटले होते. चंपाला वाटलं, जावं आणि त्याचा हात धरून त्याला बाहेर काढावं. तसं काही करणाऱ्यातली ती नव्हती. ती दोन बस सोडून तिसऱ्या बसने घरी आली आणि नंतर तो आला तेव्हा पेटी उघडून ओलं क्लॅरिनेट पुसायला बसली. तेव्हापासून हे असंच चाललं होतं. तो ओलं करून आणायचा, ती पुसायची. पुसताना ती मुद्दाम म्हणायची, "लई वाजवलं वाटतं आज," आणि तो "हां" म्हणायचा. हळूहळू गाद्या फुगल्या, दोन चाव्या नीट बसेनात, पतंगाचे कागद संपत आले. तिने जास्तीचं बदामतेल घातलं, रात्रंदिवस पेटीत तांदळाची पुरचुंडी ठेवली, जी काही मलमपट्टी करता येईल ती केली. लाकूड मात्र तिच्या हातात नव्हतं.

"आई, काय बघतेस एवढं?" राजनंदिनी आतून केस विंचरत आली. तिची दुपारची शिफ्ट होती. हिंजवडीच्या एका कंपनीत ती लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी फोनवर ऐकायची आणि घरी आल्यावर तिला कुणाचीच तक्रार ऐकायची नसायची.

"केस हाय," चंपा म्हणाली आणि तुकडा मुठीत धरला.

"बाबांना सांग ना आता बास म्हणून. ते गाडेबिडे, तो आवाज... किती एक्झॉस्ट होऊन येतात. मी आहे ना. घरी बसून आरामात वाजवतील, हॉबी म्हणून."

"घरी वाजवू कोण देतंय?"

"मग नाही वाजवलं तर काय होतं?" राजनंदिनी म्हणाली. वाईट मनाने नव्हे. पिन तोंडात धरून आरशाकडे बघत म्हणाली. "तू बोल त्यांच्याशी. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलतच नाही कधी. बोलायला पाहिजे गं, मोकळेपणाने. नाहीतर गोष्टी साचतात." बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि ती चप्पल अडकवून पळाली.

बोलायला पाहिजे. चंपा स्टुलावर बसून राहिली. बोलणं काय, मोप बोलता येईल. मला ठाऊक आहे तुम्ही वाजवत नाही. मी पाहिलंय. हापशाचं पाणी घालू नका. तीन वाक्यं. तिसरं बोलायचं तर पहिली दोन बोलावीच लागतात, ती गाळून तिसऱ्याला हात घालता येत नाही. तिने मनातल्या मनात ते किती तऱ्हांनी बोलून पाहिलं. हसत बोलून पाहिलं, चिडून, जवळ बसून. दरवेळी शेवटी तिला तो हातातला घास दिसायचा. तो माणूस दिवसभर दोनशे लोकांसमोर खोटा उभा राहतो आणि तिथे त्याला कुणी ओळखत नाही म्हणून ते सोसतो. घरी येऊनही तो खोटाच आहे हे तिला ठाऊक आहे असं त्याला कळलं, तर मग तो कुठे जाणार? त्याला घरी खरं राहायला एकच जागा होती आणि ती जागा म्हणजे तिच्या हातातलं फडकं. आणि तिने काहीच केलं नाही तर उद्या परत लग्न आहे, परवा आहे, ज्येष्ठ संपेपर्यंत तिथींची रांग आहे. ही भेग महिनाभरात आरपार जाईल. मग ते क्लॅरिनेट नुसतं हातात धरायच्या लायकीचं राहील, आणि तेवढ्याचीच तर शेठना गरज आहे. हा विचार आला आणि चंपाला शेठचा नव्हे, कुणाचाच नव्हे, स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पुसते म्हणून तर तो भिजवतो. ती पुसत नसती तर कोरडं आणलं असतं, कोरडं ठेवलं असतं, आणि हे लाकूड अजून पन्नास वर्षं टिकलं असतं. तिला ही गोष्ट चार महिन्यांत सुचली नव्हती. सुचली नव्हती की सुचू दिली नव्हती, हे तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर तिला आवडलं नाही.

नागोराव आत आला, टॉवेलने तोंड पुसत. चंपाने काळा दोरा काढला, मेणावरून दोनदा फिरवला आणि त्या आखूड तुकड्यावर शेजारी शेजारी घट्ट वेढे द्यायला सुरुवात केली. तो उभा राहून बघायला लागला.

"काय झालं?"

"भेग पडलीय जरा." तिने वर पाहिलं नाही. "उन्हानं. ह्या साली ऊन काय कमी हाय का? लाकूड सुकतं."

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला, परत काढला. "उन्हानंच," तो म्हणाला मग.

"दोरा बांधला की थांबतं ते. वर्षं काढील असं. फक्त आता नीट सांभाळाया पायजे." तिने दोऱ्याला गाठ मारली, दोरा दाताने तोडला. पुढचं वाक्य ती पाठ करून बसली होती तरी ते बाहेर यायला वेळ लागला. "आवो, माझी बोटं बधिर व्हायलीत. सुई सुदिक हातातून पडती. मला काय आता हे ओढणं-पुसणं व्हत नाही. उद्यापासून तुमचं तुम्हीच पुसत जा."

तो विचारेल असं तिला वाटलं होतं. कधीपासून होतंय, डॉक्टरला दाखवलं का, कामून सांगितलं नाहीस. दोन शब्दांचा माणूस असला तरी इतकं तरी विचारेल. निदान आजच्या आज तिने तीन ब्लाउजांना काजं केली ती बोटं बधिर कशी, हे तरी त्याच्या मनात येईल.

"बरं," नागोराव म्हणाला.

लगेच म्हणाला. शब्दामागून सोडलेला श्वास तिला ऐकू आला, आणि त्या श्वासावरून तिला कळलं की हापशाशी उभं राहणं त्याला किती जड जात होतं. तिने पाहिजे ते मिळवलं होतं. मग ती त्याला शिकवायला बसली, चटईवर, शेजारी शेजारी. पत्ती अशी धरा. असं नाही, टोक मोडंल. शिसं भोंग्याकडून सोडा. त्याची बोटं अजूनही तशीच होती, वाजवणं सोडून कशालाही न येणारी. दोरी गुंतली, फडकं वर अडकलं, त्याने जोर लावला आणि तिने त्याच्या मनगटावर हात ठेवून तो थांबवला. "सावकाश. तीनदा. घाई केली की आतल्या नळीला अडकतं." तो मान हलवत होता, शाळेतल्या पोरापेक्षा जास्त मन लावून. त्याच्या कानामागे पांढरे केस वाढले होते, तिथे साबणाचा फेस राहिला होता. तो तिने पदराने टिपला. इतक्या जवळ ते दोघं किती दिवसांत बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो पाच वाजता आला. फाटकाचा आवाज आला तेव्हा चंपा मशीनवर होती. तिने वर पाहायचं नाही असं सकाळीच ठरवलं होतं आणि पाहिलं नाही. कोट दोरीवर गेला, पाय धुतले गेले. मग त्याने पेटी स्वतः उचलली आणि तो उंबऱ्यावर बसला, गल्लीकडे तोंड करून, घराकडे पाठ. "चहा टाक," म्हणाला. ती उठून आत गेली. गॅस पेटवला. बाहेर पेटीचे खटके उघडले. पत्ती काचेवर ठेवल्याचा टक्क आवाज आला, मग शिसं आत सोडल्याचा. आणि मग फडक्याचा. ओल्या लाकडातून फडकं आवाज न करता येतं. कोरड्यातून येताना बारीक सरसर होते, आणि तिला ऐकायचं नव्हतं तरी सत्तावीस वर्षांच्या कानांना ती सरसर ऐकू आली. लाकूड कोरडं होतं. लाकूड वाचलं होतं. आता तो कधी मन लावून वाजवेल, कधी नुसता उभा राहील, कधी एखाद्या वरातीत लाइट जाऊन स्पीकर बंद पडतील आणि शेठ म्हणतील वाजवा नागोराव, आणि तो डोळे मिटून तासभर वाजवेल, ते तिला कधीही कळणार नव्हतं. तिने पातेल्यात पाणी ओतलं, गरजेपेक्षा जास्त, आणि उंचावरून.

"लई ओलं झालंय गं आज," बाहेरून नागोराव म्हणाला. जरा मोठ्याने म्हणाला, आत ऐकू जाईल असं. "दोन तास फुकलं."

चंपाने साखरेचा डबा हातात धरून ठेवला. त्याने आपणहून इतकं कधी सांगितलं नव्हतं.

"मग तीनदा वढा," ती आतून म्हणाली. "घाई करू नका."

"हां," तो म्हणाला.

तो खरंच तीनदा ओढत होता. चहा झाला, तिने तो गाळला आणि कप हातात घेऊन ती आतच उभी राहिली, पेटी बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत.